दारूच्या रोग्याला दवाखान्याचे दार

श्रोतेहो, वणी हे वऱ्हाडाच्या पूर्व काठावरचे जुने गाव. आज ते यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे. पण १९०५ सालापर्यंत सबंध जिल्ह्यालाच वणी जिल्हा म्हणत. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली याच गावी झाला. आसपास कापसाची काळी जमीन, राजूरकडे चुन्याचा दगड आणि कोळशाच्या खाणी. पलीकडे वर्धा नदी आणि नदीपार चंद्रपूर जिल्हा. कष्ट करून पोट भरणाऱ्यांचे हे गाव.

या गावाचे नाव २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात देशभरच्या वर्तमानपत्रांत आले ते मात्र एका दुःखद कारणाने. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती आणि दारूची दुकाने बंद होती. तलफ भागवायला दुसरे काही मिळेना, तेव्हा वणीतले काही जण हात निर्जंतुक करायचे सॅनिटायझर प्याले. पोटात जळजळ, उलट्या, गुंगी सुरू झाली. काहींना दवाखान्यात नेले, पण वेळ निघून गेली होती. एकदोन दिवसांत सात जण दगावले. बहुतेक हातावर पोट असणारे.

बातमी वाचून पुष्कळांनी सुस्कारा टाकला आणि म्हटले, ‘‘दारूड्यांचं हे असंच व्हायचं.’’ पण इतिहासाच्या अभ्यासकाला इतक्यावर थांबता येत नाही. दुकान बंद झाले त्या दिवशी या माणसांना जायला दुसरे कोणते दार उघडे होते, हा प्रश्न त्याला विचारावा लागतो. दारूचे वेड लागलेल्या माणसाकडे समाजाने आजवर कोणत्या नजरेने पाहिले, आणि दवाखान्याने त्याला रोगी म्हणून केव्हा ओळखले, याची हकीकत आज सांगायची आहे.

पहिली नजर सरकारची. इंग्रजी अमलात दारू म्हणजे आबकारीचे उत्पन्न. मोहाच्या दारूचे मक्ते लिलावात निघत. जो जास्त बोली बोलेल त्याला दुकान. मक्तेदाराने जास्त विकावी आणि तिजोरीत जास्त भर पडावी, असा तो सरळ हिशेब. पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. १९०८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवकांनी गुत्त्यांपुढे निरोधन केले. दारू ही फक्त पिणाऱ्याची खोड नाही, तिच्यामागे विकणाऱ्याचा आणि सरकारचा पैसा आहे, हे या मंडळींनी ओळखले होते.

दुसरी नजर संतांची. वऱ्हाडात दारूचा विषय निघावा आणि गाडगेबाबांची आठवण होऊ नये, असे होत नाही. बाबांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायीच अकाली गेले. लहानग्या डेबूला आईबरोबर मामाच्या घरी राहावे लागले. पुढे हाच डेबू गाडगेबाबा झाला आणि कीर्तनातून खेड्यापाड्यांतल्या माणसांना दारू सोडा म्हणून विनवीत राहिला. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही भजनांतून हाच उपदेश गावोगाव नेला. किती घरे यामुळे वाचली असतील, याची मोजदाद कोण करणार? एखाद्याने देवापुढे माळ घातली आणि बाटलीला पुन्हा हात लावला नाही, अशी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

तिसरी नजर कायद्याची. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. गांधीजींच्या सेवाग्रामाचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः बायकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात अशाच चळवळीच्या जोरावर १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली आणि २०२१ साली ती उठली. म्हणजे सहा वर्षे अशी गेली, की वर्धा नदीच्या एका काठाला बंदी आणि दुसऱ्या काठाला, वणीच्या बाजूला, परवान्याची दुकाने. बंदी असावी की नसावी हा वाद जुना आहे आणि तो आज आपल्याला मिटवायचा नाही. ज्या बाईच्या घरातली चूल नवऱ्याच्या पिण्यापायी विझते, तिने दुकान बंद करा म्हणून मोर्चा काढला तर तिचे काय चुकले?

पण या तिन्ही नजरांत एक गोष्ट राहून जात होती. दुकान बंद झाले, उपदेश झाला, दंड झाला. तरी ज्या माणसाच्या शरीराला वर्षानुवर्षे दारूची सवय जडली आहे, त्याच्या शरीराचे काय करायचे?

इथे थोडे वैद्यकाकडे वळू. चढावर भरली गाडी ओढणारा बैल डोळ्यांपुढे आणा. ओझे मागे खेचते, म्हणून तो सगळे बळ लावून पुढे रेटतो. अशा वेळी जोते एकदम तुटले तर काय होईल? बैल तोंडावर आपटेल. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूचे असेच असते. दारू मेंदूला मंद करते. तो मंद होऊ नये म्हणून उलट जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की मागचे ओझे जाते आणि जोर तेवढा उरतो. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत एखाद्याला झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आले असे वाटते, माणूस उठून पळतो. हा भ्रम जिवावर बेतू शकतो. सगळ्यांनाच असे होते असे नाही. पण ज्याला होते त्याला पोलीसही नको आणि मांत्रिकही नको, त्याला डॉक्टर हवा. योग्य गोळ्या, ‘ब-१’ जीवनसत्त्व, पाणी आणि देखरेख मिळाली, तर बहुतेक जण चारआठ दिवसांत यातून सुखरूप बाहेर पडतात.

आता कळेल, की तलफ म्हणजे निव्वळ चैनीची इच्छा नव्हे. थरथरणाऱ्या हाताने सॅनिटायझरची बाटली उचलणारा माणूस पुष्कळदा मजेसाठी पीत नसतो. अंगाची तगमग थांबावी म्हणून पीत असतो.

ही गोष्ट डॉक्टरांनाही एका दिवसात कळली नाही. अमेरिकेतले डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ साली अतिमद्यपानाच्या शरीरावरील परिणामांविषयी लिहिले. इंग्रजांच्या आरमारात डॉक्टर असलेल्या थॉमस ट्रॉटर यांनी १८०४ साली दारूबाजीला मनाचा रोग म्हटले. १८४९ साली स्वीडनच्या मॅग्नस हुस यांनी या रोगाला वैद्यकाच्या भाषेत नाव दिले. तरीसुद्धा पुढची शंभर वर्षे इस्पितळांचे दार या रोग्याला बंदच असे. तो धिंगाणा घालील, बिल बुडवील, खाट अडवील, अशी भीती. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात १९३९ साली सेंट थॉमस इस्पितळातल्या सिस्टर इग्नेशिया आणि डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांनी एका दारूच्या रोग्याला भरती करून घेतले. पण कागदावर लिहिले काय, तर ‘पोटाचा दाह’. खरा रोग लिहिला असता तर खाट मिळाली नसती! इस्पितळांनी अशा रुग्णांना दाखल करून घ्यावे, असे अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने सांगितले ते १९५६ साली.

यापुढचा प्रयोग आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. बोस्टन शहरातल्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात अपघात विभागात पुष्कळ दारूबाज येत. कुणाचे डोके फुटलेले, कुणी रक्त ओकणारा. जखम शिवायची आणि सांगायचे, ‘‘दारूच्या दवाखान्यात जाऊन ये.’’ जवळजवळ कोणी जात नसे. मग डॉक्टर म्हणत, ‘‘या लोकांना सुधारायचंच नाही.’’ डॉक्टर मॉरिस शाफेट्झ यांना हे पटेना. त्यांनी वेगळी रीत घातली. रोगी अपघात विभागात आला की मनोविकाराचा डॉक्टर आणि समाजसेविका तिथेच त्याला भेटत, आदराने बोलत. त्याला जेवण हवे असेल, राहायला जागा हवी असेल, तर आधी ती नड पाहत. आणि पुढच्या भेटीला तीच ओळखीची माणसे त्याला भेटत. १९६२ साली निकाल प्रसिद्ध झाला. जुन्या रीतीने पाठवलेल्या शंभरांपैकी जेमतेम पाच जण दारूच्या दवाखान्यात पोचले होते. नव्या रीतीने शंभरांपैकी पासष्ट पोचले. माणसे त्याच तऱ्हेची, दारू तीच, गाव तेच. बदलले ते फक्त दवाखान्याचे वागणे. ‘यांना सुधारायचंच नाही’ या वाक्यातला दोष कुणाकडे होता, हे त्या आकड्यांनी सांगितले.

औषधांचा इतिहासही याच सुमाराचा. डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी १९४८ साली डायसल्फिराम हे औषध पुढे आणले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्याली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात; क्वचित जिवालाही धोका होतो. म्हणून ते रोग्याला सगळे समजावून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचे असते. आपल्याकडे मात्र ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीभिंतीवर दिसतात. भगिनींनो, काकुळतीला येऊन चहात किंवा भाजीत चोरून पूड मिसळू नका. त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. नवऱ्याची दारू सुटायची राहील आणि भलतेच संकट ओढवेल.

दारूचे प्रमाण किती, हे ओळखण्याची सोपी रीतही पुढे निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने सहा देशांत अभ्यास होऊन १९८९ साली दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली. किती वेळा पिता, एका बैठकीला किती पिता, सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का, घरचे कुणी काळजी बोलून दाखवतात का, असे साधे प्रश्न. उत्तरांना गुण द्यायचे. पाचसात मिनिटांचे काम. ज्याला थोडक्यात समज देऊन भागेल तो कोण, आणि ज्याला औषधोपचार लागेल तो कोण, याची निवड त्यातून होते. शाळेत गुरुजी पाढे विचारून मूल कुठे अडले हे ओळखतात ना, तसेच हे.

आता आपल्या मुलखाकडे परत येऊ. १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्यासाठी पैशाची मदत केली. सुरुवात गर्दच्या व्यसनी मुलांपासून झाली. पुढे दारूचे रुग्णही येऊ लागले. व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणूस उपचाराला पात्र आहे, हे वाक्य मराठी घरांत पोचवण्याचे श्रेय या संस्थेला द्यावेच लागेल. पण वणी-झरीच्या शेतमजुराला पुणे फार लांब. त्याचा दवाखाना म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, फार तर तालुक्याचे सरकारी रुग्णालय.

तिथेच हे काम होईल का? याचे उत्तर गोव्यात मिळाले. ‘संगाथ’ या संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. ताप, खोकला, अंगदुखी घेऊन आलेल्या पुरुषांना ते दहा प्रश्न विचारले. ज्यांचे पिणे अपायाच्या पायरीवर पोचले होते अशा ३७७ जणांना दोन गटांत वाटले. एका गटाला नेहमीचा उपचार. दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला समुपदेशन, म्हणजे समजूतदार बोलणे. एक ते चार बैठका. समुपदेशक कोण? डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हेत. शिकवून तयार केलेली गावातलीच साधी माणसे. तीन महिन्यांनी पाहिले, तर मागच्या चौदा दिवसांत दारूला शिवलेही नाहीत असे लोक दुसऱ्या गटात शंभरी ४२ निघाले, पहिल्यात १८. पिणे धोक्याच्या रेषेखाली आले असे शंभरी ३६, पहिल्यात २६. सगळ्यांची सुटली, असे नव्हे. पण चार बैठकांच्या बोलण्याने एवढा फरक पडतो, हे काही थोडके नाही.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांतही ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमाने गावच्याच कार्यकर्त्यांना शिकवून निराशा आणि दारू या दोन्ही दुखण्यांची दखल घरापर्यंत नेली. आणि गडचिरोलीत, डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सरकार आणि टाटा न्यासाच्या सोबतीने २०१६ साली ‘मुक्तिपथ’ सुरू केले. तिथे गावागावांत दारूबंदीची संघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनाचा दवाखाना, अशी दोन्ही कामे एकाच हाताने चालवली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बंदी आणि उपचार एकमेकांचे वैरी नाहीत. बंदी ही पुढच्या पिढीला विहिरीत पडू न देणारी कठड्याची भिंत. उपचार हा आधीच पडलेल्याला वर काढणारा दोर. कठडा बांधला म्हणून दोर नको, असे कोण म्हणेल?

कायदाही आता रोग्याच्या बाजूने आला आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मनोविकार आजारांत धरले, आणि सरकारी सेवेत उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. पण हक्क कागदावर आहे आणि रोगी घरी आहे. २०१८ साली देशभर झालेल्या सरकारी पाहणीत दिसले, की भारतात दारूच्या कह्यात गेलेले सुमारे २ कोटी ९० लाख लोक आहेत. आणि अशा ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. उरलेले ३७ कुठे असतात? श्रोतेहो, ते दवाखान्यात येतच नाहीत, असे नाही. ते येतात, पण दुसऱ्या नावाने येतात. कुणी कावीळ म्हणून, कुणी पोटदुखी म्हणून, कुणी मोटारसायकलवरून पडलो म्हणून. कुणी क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडून परत येतो. ॲक्रनमध्ये रोग लपवून ‘पोटाचा दाह’ लिहावा लागला. आपल्याकडे न लपवताही पुष्कळदा तेवढेच लिहिले जाते, कारण पुढचा प्रश्न कुणी विचारीत नाही.

तो प्रश्न विचारला तर काय होते? समजा, बाह्य रुग्ण विभागात डॉक्टरने आवाज न चढवता विचारले, ‘‘काका, दारू घेता का?’’ काका आधी म्हणतील, ‘‘कधीमधी घेतो जी.’’ डॉक्टर म्हणतील, ‘‘बरं. सकाळी हात थरथरतात का? एकदम बंद केली तर झोप लागते का?’’ मग काका खाली पाहतील आणि म्हणतील, ‘‘नाही जी. घेतल्याबिगर हातात कपच राहत नाही.’’ बस. दार उघडले. दुखणे अंगावर आलेले असते, मरणाची भीती मनात असते, बायको शेजारी उभी असते. अशा घडीला माणूस जे ऐकतो ते एरवी ऐकत नाही. ही घडी फुकट जाऊ द्यायची, की तिथल्या तिथे ‘‘हे सुटू शकतं, आपण मिळून सोडवू’’ म्हणायचे, एवढाच काय तो सवाल आहे.

तुम्ही म्हणाल, तालुक्याच्या रुग्णालयात रांग दारापर्यंत असते, डॉक्टरला वेळ कुठला? खरे आहे. म्हणूनच गोव्याचा धडा महत्त्वाचा. वेळ डॉक्टरचाच पाहिजे असे नाही. डॉक्टरने दोन प्रश्न विचारावेत, पुढची बैठक शिकवलेल्या समुपदेशकाने किंवा सिस्टरने घ्यावी, आणि गावात आशाताईने विचारपूस ठेवावी. ज्याला झटक्यांचा किंवा भ्रमाचा धोका आहे, त्याला मात्र भरतीच करावे. पाय मोडून खाटेवर पडलेल्या रोग्याला तिसऱ्या दिवशी भ्रम झाला, तर ‘वेडा झाला’ म्हणून त्याला बांधू नये. त्याची दारू अचानक थांबली आहे, हे ओळखावे. आणि नवऱ्याबरोबर आलेल्या बाईच्या अंगावरचे वळही पाहावेत. या दुखण्यात रोगी पुष्कळदा एकटा नसतो.

वणीच्या त्या सात घरांना आज हे सांगून काही परत मिळणार नाही. पण पुन्हा टाळेबंदी, बंदी किंवा संप होऊन दुकाने एकाएकी बंद झाली, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयाच्या दारावर ‘दारू थांबल्याने त्रास होत असल्यास इथे या’ अशी पाटी लागली पाहिजे आणि गावात तशी दवंडी फिरली पाहिजे. हे मागण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात डुलक्या घेणाऱ्या, वहीशिवाय येणाऱ्या मुलाच्या घरी रात्री काय चालते, हे पुष्कळदा तुम्हालाच आधी कळते. त्या मुलासमोर त्याच्या बापाला नावे ठेवू नका. बाप भेटला तर एवढेच सांगा, की या दुखण्याला औषध आहे. चला, मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येतो. रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. आधी डॉक्टरला दाखवा. ज्यांना लगेच कुणाशी बोलायचे आहे, त्यांच्यासाठी १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्ती दूरध्वनी आहे आणि मनाच्या दुखण्यांसाठी १४४१६. दोन्ही फुकट आहेत.

आणि दवाखान्यात जाल तेव्हा, डॉक्टरने विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, ‘‘साहेब, यांना दारूही आहे, त्याचाही इलाज करा.’’ केसपेपरवर ती ओळ लिहून घेतल्याशिवाय उठू नका.